मळ्यातले फणस

"मग आता काय, मेलेल्यांना विचारून बाग लावायची?"

जयवंत सरपोतदार दर्ग्याच्या ओट्यासमोर ओरडत होता. अख्ख्या डोंगरावरचा कॉफीचा मळा याच्या मालकीचा. दर गुरुवारी लतीफशा फकिराच्या पायाशी येऊन बसायचा. शिष्य म्हणे! आज जोडेसुद्धा काढले नव्हते.

फकीर त्याच्या जोड्यांकडं बघत होता.

"बाबा, कॉफीची फळं पिकून गळायला लागलीत. तोडणीच्या बायका टोपल्या उपड्या घालून बसल्यात. तुमचं ऐकतील. सांगा त्यांना."

"तू काय केलंस?"

"बंगल्यासमोरचे फणस तोडले. गुलाबाची बाग करतोय. एवढंच."

एवढंच! अहो, हा डोंगर साफ करताना तापानं पटापट माणसं मेली. थडग्याचा दगड कुणाला मिळाला नाही. जिथं पुरलं तिथं घरच्यांनी फणस लावला, आणि त्याच सावलीत कॉफी वाढली. आजही तोडणीला आलेली बाई आधी आपल्या फणसाला हात लावते, मगच टोपली कमरेला बांधते. मळ्यातलं शेंबडं पोरही हे सांगेल.

"तुला ठाऊक नव्हतं?"

"...होतं. पण त्या जुन्या गोष्टी, बाबा."

"आणि फाटकावरची ती संगमरवरी पाटी?"

"तो आमचा इतिहास आहे! पणजोबांनी उभा केला हा मळा. शंभर वर्षं..."

म्हातारा ताडकन उठला. जयवंतचं मनगट धरून त्याला फरफटत मळ्यात नेलं. बायका उठून उभ्या राहिल्या.

कापलेल्या खोडातून अजून चीक गळत होता. शेजारची कॉफी उन्हानं करपली होती.

"इथं उभा राहा. हात पसर."

"बाबा, माणसं बघतायत."

"पसर म्हणतो ना!"

त्यानं हात पसरले. त्याची सावली खोडावर पडली, जेमतेम.

फुलाय नावाची म्हातारी पुढं आली. खोडाला हात लावला, बोटांचा चीक लुगड्याला पुसला आणि जयवंतच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. टोपली तिनं उचलली नाही.

जयवंतचे हात भरून आले.

"बाबा... किती वेळ?"

फकीर चढाला लागला होता. वळलासुद्धा नाही.

"पाटीवर कोरलंयस ना, शंभर वर्षं? तेवढा."