लिंबाजीनं न थांबवलेला डफ

आंबवडीच्या ओढ्याला पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा जमीन एकाची दुसऱ्याकडं जायची ती डफावर. गावचा डफवाला लिंबाजी चावडीपुढं उभा राहून सौदा पुकारायचा आणि डफ वाजवायला घ्यायचा. कुणाची हरकत असली तर डफ वाजतोय तोवर बोलायचं. डफ थांबेस्तोवर कुणी बोललं नाही, की सगळे राजी. वाजत्या डफाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हाही रिवाज.

एकदा दाजिबानं आपल्या विधवा भावजयीचं, तान्हाईचं, विहिरीचं शेत स्वतःच्या नावानं पुकारायला लावलं. तेवढंच शेत तिच्या पोटाला होतं. तान्हाई आली, पदर दातात धरून खांबाआड उभी राहिली. पंचांपुढं बाईमाणसानं तोंड उघडायचं नाही, अशीच रीत होती.

लिंबाजीनं पुकारा केला, डफ धरला. वाजवता वाजवता त्याची नजर तिच्या पायांकडं गेली. अंगठ्यानं माती उकरून उकरून तिनं खड्डा पाडला होता. मग त्याला हात थांबववेना.

“लिंबा, बास की रं,” दाजिबा म्हणाला. “गप हाय म्हंजे राजीच हाय ती.”

“राजी माणूस अशी माती उकरतंय व्हय?”

“हात गळून पडंल तुझा!”

“पडू द्या. दुसरा हाय की.”

दिवस कलला तरी डफ चालूच. रानातली गुरं आपसूक चावडीपुढं येऊन बसली, असं म्हणतात. डफाचं कातडं तापून लाल झालं पण फाटलं नाही, असंही म्हणतात. पंचांतले थोरले आबा खोत, त्यांनी कानात बोटं घातली. लिंबाजीची बोटं सुजली, डोळ्यांपुढं अंधारी आली. त्याला धास्ती एकच, आपण पडलो तर ही राजी ठरंल.

तेवढ्यात खांबाआडून आवाज आला, “न्हाई द्यायचं मला.”

केवढासा तो आवाज, पण डफावरून ऐकू आला. लिंबाजीचा हात तिथंच थांबला, आबांनी कानातली बोटं काढली.

“पंचांपुढं बाई बोलली!” दाजिबा ओरडला.

लिंबाजी मटकन खाली बसला. “बोलायचं न्हाई म्हणून तुमीच सांगायचं, आन् न्हाई बोलली तर राजी धरायची? आबा, तुमीच बघा.”

आबांनी कानातली बोटं काढली. “शेत तान्हाईचंच. आता ह्याला कुणी पाणी द्या रं.”

तान्हाईनं आपल्या विहिरीचं पाणी आणून पाजलं. ती विहीर तेव्हापासून कधी आटली नाही, असं म्हणतात.

आंबवडीत अजून ग्रामसभेत ठराव आला, की सगळ्यांत गप्प बसलेल्या माणसापुढं हळूहळू डफ वाजवत उभे राहतात. ते माणूस तोंडानं हो म्हणेल तरच हो. सोयरीक ठरवताना मुलीपुढंही डफ वाजतो. पाहुण्यांनी घाई केली, चहा निवला म्हणाले, तर म्हाताऱ्या हसून सांगतात, “बसा वाईच. लिंबाजीचा हात अजून दुखाया लागला न्हाई.”