न उतरणारी अंगठी

एका राज्यात रंगच उरले नव्हते. हळद राखाडी, कुंकू राखाडी, झाडावरचे राघूसुद्धा राखाडी. आंबा पिकला की नाही, हे लोक अंदाजाने ठरवीत आणि तोंड वाकडं करीत.

हे सगळं झालं एका अंगठीपायी. राजा वज्रबाहूचा चंद्रावळ राणीशी वाङ्‌निश्चय ठरला, तेव्हा त्याने धातूंचा जादूगार ताम्राक्ष याला अंगठी घडवायला सांगितली. ताम्राक्ष म्हणाला, "महाराज, कोणता धातू हवा, ते राणीसाहेबांना विचारावं." राजा म्हणाला, "राजे विचारत नसतात. बावनकशी सोनं घे." अंगठी झाली, लखलखली आणि राणीच्या बोटात दोन दिवसांत वाकली. राणीने ती डबीत ठेवली, ती ठेवलीच. आपली अंगठी अंधारात पडून आहे हे ताम्राक्षाला कळलं, आणि त्याचं डोकंच फिरलं.

"तुझं राज्य बेरंग होईल!" तो गरजला. "तुझ्या लेकीच्या बोटात वाङ्‌निश्चयाची अंगठी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राहील, आणि तिचं रोजचं काम थांबणार नाही, त्या दिवशी रंग परततील. वराला तीन संधी. तिन्ही हुकल्या, तर त्याचा राघू होईल."

लेक कुमुद्वती मोठी झाली. तिच्या हातून रंगलेल्या कापडाला मात्र रंग चढे. का ते जादूला ठाऊक. मग ती राजवाड्यात बसेल कशी? सकाळ झाली की ती रंगाच्या हंड्यांपाशी उभी. कुणा नवरीचा शालू, कुणा बाळाचं अंगडं. भिजवायचं, पिळायचं, वाळत घालायचं. तिचे हात कोपरापर्यंत रंगलेले असत. राजपुत्र येत, अंगठ्या देत, त्या उतरत, आणि चिंचेच्या झाडावर एकेक राघू वाढे.

असाच एकदा सुमेघ नावाचा राजपुत्र पागोटं रंगवून घ्यायला आला. पागोटं वाळेपर्यंत थांबतो म्हणाला. पागोटं वाळलं, दुमडलं, तरी हा आपला थांबलेलाच! त्याने मागणी घातली तेव्हा कुमुद्वतीचे डोळे भरून आले.

"राजपुत्र, परत जा. तुमचा राघू झालेला मला बघवणार नाही."

"मग होऊ देऊ नका," सुमेघ म्हणाला आणि कामाला लागला.

पहिल्यांदा तो चंद्रसरोवराच्या तळाशी गेला. तिथल्या मगरीला गोष्ट सांगून झोपवलं आणि चांदी आणली. अंगठी सुरेख झाली. पण दुपारपर्यंत हंड्यातल्या पाण्याने ती काळीठिक्कर पडली, पिवळ्या शेल्यावर डाग उमटले, आणि कुमुद्वतीने ती जड मनाने उतरवली.

दुसऱ्यांदा तो वावटळीच्या डोंगरावर चढला आणि आकाशातून पडलेलं लोखंड घेऊन आला. असा धातू कुणाही राजाकडे नव्हता. रंग पक्का बसावा म्हणून कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवीत; ती अंगठी त्यात बुडाली मात्र, सगळं पाणी शाईसारखं काळं झालं! एका नवरीचा शालू त्यात होता. नवरीच्या आईने जे काही ऐकवलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

आता एकच संधी उरली. सुमेघ चिंचेखाली डोकं धरून बसला. वरून एक म्हातारा राघू म्हणाला, "मी शुद्ध सोनं आणलं होतं. एक लुगडं पिळलं आणि अंगठी विड्याच्या पानासारखी दुमडली. हिरा हंड्यात गेला. तू काय आणणार?"

"अजून ठाऊक नाही."

"तिला विचारलंस?"

सुमेघ ताडकन उठला. इतके डोंगर चढला, पण चार पावलं चालून हे विचारायचं राहिलंच होतं! तो हंड्यांपाशी गेला.

"राजकन्ये, तुमच्या बोटाला कोणता धातू सोसेल?"

कुमुद्वती पिळता पिळता थांबली. "हे मला आजवर कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. "आधी हे दुसरं टोक धरा."

त्याने लुगड्याचं टोक धरलं. संध्याकाळपर्यंत दोघांनी कापडं पिळली. सुमेघच्या तळहातांना फोड आले, आणि त्याला सगळं उमगलं.

"सोनंच हवं, ते पाण्याने बिघडत नाही," कुमुद्वती म्हणाली. "पण पीळ सोसायला त्यात थोडं तांबं हवं. आणि खडा नको, सुतात अडकतो."

"माझ्या घराण्यात भेसळ?" राजा ओरडला.

चंद्रावळ राणी आत गेली, डबी घेऊन आली आणि वाकलेली अंगठी सुमेघच्या हातावर ठेवली. कुमुद्वतीने आपल्या जुन्या तांब्याच्या हंड्याचा तुटका कान दिला. दोन्ही घेऊन सुमेघ थेट ताम्राक्षाच्या भट्टीवर गेला.

"सोनं किती कसाचं हवं?" ताम्राक्षाने विचारलं.

"तिच्या हाताला टिकेल इतकं."

"हे तू ठरवलंस?"

"तिने."

जादूगार कितीतरी वर्षांनी हसला आणि त्याने भाता ओढला.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला कुमुद्वतीने अंगठी घातली. तिने शेले पिळले, धोतरं पिळली, हत्तीची झूलसुद्धा पिळली. अंगठी जागची हलली नाही. सुमेघ दिवसभर समोरचं टोक धरून होता आणि मधूनमधून आपल्या नाकाची चोच तर होत नाही ना, हे चाचपून पाहत होता.

सूर्य टेकला आणि आकाश लाल झालं! कुंकू लाल झालं, हळद पिवळी झाली. चिंचेवरून राजपुत्र धपाधप खाली पडले आणि आपापल्या घरी पळाले. म्हातारा राघू तेवढा हिरवागार होऊन फांदीवरच राहिला. पेरूंचा हंगाम होता, आणि राज्यकारभाराचा त्याला पहिल्यापासून कंटाळा होता.

वाङ्‌निश्चयाचे पेढे वाटले गेले. त्या गर्दीत राजा वज्रबाहू हळूच राणीजवळ येऊन उभा राहिला. बराच वेळ चुळबुळला. मग म्हणाला, "राणीसाहेब, तुमच्या बोटाला कोणता धातू सोसेल?"

राणीने आपला मोकळा हात त्याच्यापुढे धरला.

"बसा," ती म्हणाली. "सांगते."