पैलतीरावर पोचलेला नाद

पूर्वी चंपावती नगरीत अरिंदम राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व धातूची भांडी ओतणाऱ्या ओताऱ्यांच्या श्रेणीचा प्रमुख होऊन जन्मला होता. नाव सुधन. त्याची धाकटी बहीण नदीपलीकडच्या गावात दिली होती. पुराची वर्दी द्यायला नगरात घंटा होती खरी, पण मागल्या पुरात तिचा आवाज पैलतीरी पोचलाच नाही. बहिणीने लेकरांसह झाडावर चढून जीव वाचवला.

राजाने नवी घंटा ओतवली. तीही बद्द वाजली. पुन्हा ओतली, पुन्हा तेच! दुसरे काय होणार? सगळे ओतारी एकाच गुरूचे शिष्य. वडीलधाऱ्या भद्रकाने मत द्यावे आणि बाकीच्यांनी एका सुरात ‘साधु, साधु’ म्हणावे, ही त्यांची रीत.

पावसाळा तोंडावर आला. बहिणीच्या काळजीने सुधनाला अन्न गोड लागेना. त्याने सुमना कुंभारणीला आणि चित्रक मृदंग्याला ओतशाळेत बोलावले आणि सांगितले, “आजपासून जो नवा, तो आधी बोलेल.”

भद्रक फणकारला, “आता कुंभारीण आम्हाला धातू शिकवणार?”

“शिकवायला नाही, आजोबा, भांडायला आलेय,” सुमना म्हणाली.

चित्रकाने घंटेवर टिचकी मारली आणि तो हसत सुटला. “अहो, हा तर पालथा घातलेला हंडा! काठ आत वळलाय, नाद बाहेर येणार कुठून?”

खरेच होते. जन्मभर पाण्याचे हंडे ओतणाऱ्या हातांनी, सांडू नये म्हणून, घंटेचाही काठ आत वळवला होता!

सुमनाने मातीत बाहेर पसरलेला पातळ काठ घडवला.

“एवढा पातळ काठ पहिल्याच टोल्याला तडकेल,” भद्रक म्हणाला.

“मग घंटाच जाड करा,” सुमना म्हणाली.

“जाड केली तर ती बोलणार नाही!” चित्रक ओरडला.

मग जे भांडण जुंपले! सुधनाने कोणालाच गप्प केले नाही. ऐकता ऐकता त्याचा जीव आनंदून गेला. शेवटी भद्रकच उठून उभा राहिला. “काठ जाड, पण वरचे अंग पातळ ठेवले तर?” सकाळी हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात नव्हते.

नवी घंटा टांगली. भद्रकाने टोला दिला. नाद पाण्यावरून पसरत गेला आणि पैलतीरावर कान देऊन उभ्या असलेल्या बहिणीने लाल वस्त्र उंच फडकवले. सुधनाचे डोळे भरून आले.

“साधु, साधु!” भद्रक म्हणाला. मग सुमनाकडे वळला. “की काही चुकले?”

“टोला जरा हळू, आजोबा. आम्ही याच तीरावर आहोत!”

ही पूर्वजन्मीची कथा सांगून भगवान शास्ता हसले. “भिक्षूंनो, तेव्हाचा भद्रक तो आजचा उपाली, सुमना ती उत्पलवर्णा, चित्रक तो मौद्गल्यायन, लाल वस्त्र फडकवणारी बहीण ती नंदा, आणि सुधन तो मीच. आपल्याहून वेगळा सूर आनंदाने ऐकून घेणे, हीच क्षांती-पारमिता, सहनशीलतेची परिपूर्णता.”