कासारणीची चुकलेली वाट

डोंगराच्या अल्याडच्या गावात, फार वर्षांपूर्वी, एक कासारीण राहत होती. वैशाखातली गोष्ट. पल्याडच्या गावी लग्न होतं आणि नवरीला हिरवा चुडा भरायला तिला दिवेलागणीच्या आत पोहोचायचं होतं.

जावेने सांगितलं, तांबडं फुटायच्या आत नीघ. शेजारीण म्हणाली, पोटभर जेवल्याशिवाय घाट चढू नये. सासूने बजावलं, चालताना पाणी पिऊ नकोस, पोटात कळ येते. कुणाचं ऐकावं ते कासारणीला कळेना. सगळ्यांचं थोडं थोडं ऐकता ऐकता निघायलाच ऊन चांगलं वर आलं.

डोक्यावर बांगड्यांची पेटी, काखेला पाण्याचा भोपळा. अर्ध्या घाटातच घसा कोरडा पडला, पण सासूचा शब्द आठवून तिने भोपळ्याचं बूच काढलं नाही. पुढे दोन वाटा फुटल्या. घाट तिच्या पायाखालचा होता, तरी उजवी की डावी ते आठवेना. ती उजवीकडे गेली. मग वाटलं, डावीच असावी, म्हणून परतली. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. एवढ्या उन्हात तिच्या अंगावर काटा आला. थंडी कशी वाजते, याचं तिला नवल वाटलं आणि लगेच ते नवलही ती विसरली.

एका आंब्याखाली म्हातारा धनगर मेंढरं बसवून होता. ही बाई तिसऱ्यांदा याच झाडापुढून जाताना पाहून त्याने हाक मारली. तिला मात्र आपण सरळच चाललोय असं वाटत होतं.

"अडवू नका बाबा, मला उशीर होतोय."

"जा की. कुठल्या गावाला निघालीस, तेवढं सांग."

कासारणीने तोंड उघडलं. नाव येईना. लग्न कुणाकडे, तेही आठवेना. मग तिने आपल्याच गावाचं नाव शोधलं, तर तेही सापडेना. ती घाबरली. तरी पाय पुढेच ओढत होते.

"पोरी, तुझं डोकं आत्ता ठिकाणावर नाही," धनगर म्हणाला. "ते येईस्तोवर माझं ऐक. बैस."

मांडवात सगळे खोळंबतील, बोल लागेल, एवढं तिला कळत होतं. खरं धनगराचं की आपल्या मनाचं, ते कळत नव्हतं. शेवटी तिने पेटी उतरवली आणि सावलीत बसली.

धनगराने तिचा पदर भिजवून डोक्यावर ठेवला, घोंगडीने वारा घातला, मीठ घातलेलं ताक घोट घोट पाजलं. ती आडवी झाली. ऊन कललं तेव्हा गावाचं नाव आपोआप ओठांवर आलं, आणि तिला रडू फुटलं. धनगराने तिला खिंडीपर्यंत सोबत केली.

ती पोहोचली तेव्हा मांडवात दिवे लागले होते. नवरीची आई रागावली होती. दुपारीच यायला काय झालं होतं, असं तिने विचारलं.

"दुपारी तशीच चालत राहिले असते, तर मी आले नसते," कासारीण म्हणाली. "पेटी तेवढी कुणीतरी आणून दिली असती."

नवरीच्या आईने आधी तिला गूळपाणी दिलं. चुडा मग भरला.

तात्पर्य एवढंच: उन्हाने डोकं फिरतं तेव्हा ते फिरलंय हे डोक्याला कळत नाही, म्हणून वाटेत कुणी बैस म्हटलं, तर बसावं.