सरांचा गुडघा

"मग, रक्त काय म्हणतंय?"

डॉ. इंगवल्यांनी कागदाकडे न बघताच विचारलं.

"सगळं नॉर्मल आहे, सर." केतकीने रिपोर्ट टीपॉयवर ठेवला. "सीआरपी नॉर्मल, ईएसआर नॉर्मल. जंतुसंसर्गाची खूण कुठेच नाही."

"आणि गुडघा?"

केतकीने रिपोर्ट पुन्हा हातात घेतला.

मिरजेतल्या सरांच्या घराचा व्हरांडा. शेजारी कुणीतरी सतारीची तार लावत होतं.

डॉ. केतकी सबनीस हाडांची शस्त्रक्रिया शिकली ती याच माणसाच्या हाताखाली. त्या काळी राउंडला निघालेले सर आधी पेशंटच्या कॉटवर टेकत. घरचं, पीकपाण्याचं विचारत, आणि बोलता बोलता हात सांध्यावर जाई. रिपोर्ट सगळ्यात शेवटी. राउंड संपला की कँटीनमध्ये काचेच्या ग्लासातला चहा आणि चहाबरोबर सरांच्या शिव्या. त्या शिव्यांसाठी पोरं थांबून राहत. आता ते कँटीनही नाही.

पुढे केतकी सांधेरोपणात नावाजली. गेल्या वर्षी सरांचा गुडघा बदलायची वेळ आली, तेव्हा ते पुण्यामुंबईला गेले नाहीत; तिच्याकडे आले. त्या दिवशी तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

आणि आता तोच गुडघा पडल्या पडल्याही ठणकत होता.

"डी-डायमर पाठवते, सर. इंटरल्युकिनही करू."

"तेही बरं आलं तर?"

"अजून एक नवी तपासणी निघालीय..."

"रक्ताचीच?"

"हो."

सर हसले.

"रक्त गावभर फिरतं, केतकी. दार लावलेल्या खोलीत काय चाललंय, ते त्याला कळेलच असं नाही."

"पण सर, आकडे..."

"माझ्या जागी दुसरा कुणी असता, तर आतापर्यंत काय केलं असतंस?"

तिने मान खाली घातली. उत्तर तिला पाठ होतं. ते सरांनीच शिकवलं होतं.

"सांध्यात सुई घालून आतलं पाणी काढलं असतं. तपासायला पाठवलं असतं."

"मग?"

"सर, तो गुडघा मी बसवलाय."

शेजारची तार थांबली होती.

सरांनी लेंगा गुडघ्यापर्यंत गुंडाळला. दोन्ही हातांनी पाय उचलला आणि तिच्यासमोरच्या स्टुलावर ठेवला.

सवयीने केतकी वाकली. तिचे हात पावलांकडे गेले.

"नमस्कार नकोय," सर म्हणाले. "सुई घाल."

दुसऱ्या दिवशी तिने थिएटरमध्ये सुई घातली. पाणी किंचित गढूळ आलं. कित्येक दिवस प्रयोगशाळेतून काहीच कळेना. तिला वाटलं, सुटले. मग फोन आला. अगदी सावकाश वाढणारा, रक्ताला चाहूलही न लागू देणारा जंतू. सांध्यात घर करून बसलेला.

त्यानंतर सरांच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या. आधीचा सांधा काढावा लागला, काही महिन्यांनी नवा बसवावा लागला. सर पुन्हा चालू लागले; नव्या डॉक्टर पोरांना घरी बोलावून चहा पाजू लागले, शिव्याही देऊ लागले. तशी बरीच वर्षं गेली.

आता सर नाहीत. केतकीचेही केस पिकलेत. तिच्या राउंडवरची पोरं मोबाइलवर आकडे दाखवतात, तेव्हा कधी कधी ती बोलता बोलता थांबते. तिला जंतूचा रिपोर्ट आला त्या दिवशीची संध्याकाळ आठवते.

त्या संध्याकाळी ती व्हरांड्याच्या पायरीवरच उभी राहिली होती. वर यायचा धीर होत नव्हता.

"जंतू आहे, सर."

"हं."

"सांधा काढावा लागेल. मी... मी पुण्याच्या एका मोठ्या सर्जनशी बोललेय. ते करतील. माझ्या हातून पुन्हा..."

सर तिच्याकडे बघत राहिले. वॉर्डात, तिने पहिला टाका घातला तेव्हा बघत होते, तसेच.

"तुझ्या टेबलावर यायचं तर उपाशी कधीपासून राहायचं मी, तेवढं सांग."