वरची मूठ

एकदा एका तराजू दुरुस्त करणाऱ्या वृद्धाने बँक परत देत असलेले साडेतीन हजार रुपये साफ नाकारले. आणि पैसे त्याचे नव्हते, त्याच्या शिष्येचे होते! ऐकणाऱ्याला वाटावे, म्हाताऱ्याचे डोके फिरले. पण हकीकत पुरती ऐका.

ही शिष्या त्या वृद्धाकडे, म्हणजे आप्पांकडे, काटे दुरुस्त करायला शिकली आणि तिने स्वतःचे दुकान थाटले. भांडवलासाठी बँकेत ओव्हरड्राफ्टचे खाते होते. ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचल घ्यायची आणि विक्री होईल तशी रक्कम भरायची. वर्षाअखेर मर्यादेचे नूतनीकरण करायला ती गेली, तेव्हा व्यवस्थापकांनी खातेउतारा पुढे सरकवला. मर्यादा ओलांडल्याबद्दल चार वेळा दंड, एकूण सात हजार रुपये!

"चार ठपके पडलेत, ताई. नूतनीकरण कठीण आहे," ते म्हणाले.

मर्यादा गेली की दुकान गेले. ती धावतच आप्पांकडे आली.

"आप्पा, मी एकदाही जास्त उचल केलेली नाही हो!"

"मग रडतेस कशाला? भरणा पावत्या आण."

पावत्या उताऱ्याशेजारी मांडल्या गेल्या. आप्पांचे बोट एकेका ओळीवरून सरकू लागले, आणि शिष्या उडालीच! चारही दिवशी तिने सकाळी रोख भरली होती. पावतीवर वेळेसह शिक्का होता. माल पुरवणाऱ्याला दिलेला चेक दुपारी वटला होता. उताऱ्यात मात्र चेक आधी आणि रोख मागून! त्या एका ओळीपुरते खाते मर्यादेबाहेर गेलेले दिसत होते, आणि तेवढ्यावर दंड लागला होता.

"सापडलं! आप्पा, सापडलं!" तिच्या ओरडण्याने शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघायला आला.

दोघे तडक बँकेत गेले. व्यवस्थापक सज्जन होते. त्यांनी पावत्या पाहिल्या आणि थोडे ओशाळले. "नोंदींचा क्रम संगणक लावतो, तो माझ्या हातात नाही. पण ताई, तुम्ही जुन्या ग्राहक. निम्मा दंड मी माझ्या अधिकारात माफ करतो. या अर्जावर सही करा."

शिष्येने आनंदाने पेन उचलले. आप्पांनी ते तिच्या हातातून काढून घेतले. अर्जावर छापले होते, 'माझ्याकडून चूक झाली आहे, तरी सहानुभूतीने विचार व्हावा.'

"माफी नको, साहेब," आप्पा म्हणाले. "चूक कोणाची, ते लेखी कळवा." त्यांनी शिष्येकडून तक्रार लिहून घेतली, पावत्यांच्या प्रती जोडल्या आणि शिक्क्याची पोच घेतली.

बाहेर येताच ती भडकली. "हातात आलेले साडेतीन हजार घालवलेत, आप्पा!"

आप्पा पायरीवर बसले. "ज्याचा काटा खोटा, तो दुकानदार कसा ओळखायचा? पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं तुला."

"तोलून झाल्यावर वरची मूठ मोठी घालतो," ती फुरंगटून म्हणाली.

"का घालतो? गिऱ्हाईक खूश होऊन जातं. मग काटा तपासावा असं कुणाच्या मनातही येत नाही. साहेब वाईट नाहीत गं. पण आज ती मूठ तू घेतली असतीस, तर काटा तसाच राहिला असता, ठपके तसेच राहिले असते आणि खोट तुझ्या सहीनं तुझ्या नावावर लागली असती."

तिने पोच घडी घालून पिशवीत ठेवली. पण त्यानंतरचे बावीस दिवस तिला जेवण गोड लागले नाही.

तेविसाव्या दिवशी पत्र आले. चूक बँकेची! सातही हजार जमा, चारही ठपके रद्द, मर्यादा पुढच्या वर्षासाठी मंजूर. शिवाय शाखेतल्या साऱ्या खात्यांच्या नोंदींचा क्रम सुधारला होता. शिष्या पत्र फडकावत बाजारातून पळत आली, आणि आप्पांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

त्याच संध्याकाळी तिच्या दुकानात एक किराणावाला आला. "ताई, काट्याच्या दुरुस्तीचं बिल जरा जास्त वाटतंय."

"जाऊ द्या, पन्नास कमी द्या," असे नेहमीचे वाक्य तिच्या ओठांवर आले आणि तिथेच थांबले. तिने बिल मागून घेतले आणि ओळ न् ओळ तपासली. स्प्रिंगची किंमत दोनदा लागली होती.

"दादा, चूक माझी आहे," ती म्हणाली आणि नवे बिल लिहायला बसली.