उष्ट्याची राखण

बालमित्रांनो, पृथ्वीच्या पार उत्तर टोकाला, जिथे झाड औषधालाही सापडत नाही, अशा बर्फाळ प्रदेशात एक पांढरे अस्वल राहत असे. अंगाने धिप्पाड, आणि तोरा अंगापेक्षाही मोठा. ते समुद्रातल्या सीलची शिकार करी, वरची चरबी तेवढी खाई आणि बाकीचे टाकून पुढे जाई. शिळ्याला त्याने कधी तोंड लावले नाही. त्या टाकलेल्या मांसावर दुर्मीळ जातीची एक शुभ्र पक्षीण पोट भरत असे. तिच्या जातीचे पक्षी साऱ्या किनाऱ्यावर बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

अस्वलाला तिच्याशी स्वतःची तुलना करण्याची भारी हौस. तिच्याशेजारी बर्फावर पंजा ठेवून ते म्हणे, "बघ, माझा एक पंजा तुझ्याहून मोठा. जगाला तुमची गरज असती, तर तुम्ही एवढ्या थोड्या का असता?" पक्षीण काही बोलत नसे, चोचीत मावेल तेवढे घेऊन उडून जाई. तिचे ते निमूटपण अस्वलाला खुपू लागले. एका उन्हाळ्यात त्याने ठरवले, हिला फुकटचे खाऊ घालायचे नाही. मग शिकार झाली, की उरलेले मांस ते बर्फात पुरून ठेवी, वरून थापून घट्ट करी आणि त्यावरच ताणून देई. पक्षीण काही दिवस घिरट्या घालत राहिली, मग दिसेनाशी झाली. आपण मोठीच बाजी मारली, असे अस्वलाला वाटले.

एकदा ते असेच झोपलेले असताना खालचा बर्फ तडकला. जागे होऊन पाहते तो काय, आपण भर समुद्रात बर्फाच्या एका तुकड्यावर, आणि चहूकडे दाट धुके. पुरलेले मांस केव्हाच तळाला गेले होते. पोहायला अस्वल भीत नव्हते, पण किनारा कुठल्या बाजूला हेच कळेना, आणि भलत्या दिशेला गेलो तर दमून बुडणार हे त्याला पक्के ठाऊक होते. तेवढ्यात धुक्यातून ओळखीचा आवाज आला. तीच पक्षीण. मांस मिळेना म्हणून लहानसहान मासे शोधत ती एवढ्या लांब आली होती. "आजवर तुमच्या उष्ट्यावर जगले, अस्वलदादा," ती म्हणाली. "माझ्या आवाजामागून या." ती थोडे पुढे उडे, साद घाली, परत मागे येई. अस्वल पोहत राहिले आणि अखेर त्याचे पाय जमिनीला लागले.

किनाऱ्यावरच्या खडकांत तिचे घरटे होते. त्यात एक पिल्लू चोच वासून बसले होते. दुसरे शेजारी मान टाकून पडले होते.

"ते काल भुकेनं गेलं," पक्षीण म्हणाली. "आम्ही एवढ्या थोड्या का, असं तुम्ही विचारायचात ना, दादा."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच अस्वलाला शरमेने मान वर करवेना. आयुष्यात प्रथमच त्याला आपले एवढे मोठे धूड कुठेतरी लपवावेसे वाटले. पुढच्या शिकारीच्या वेळी त्याने चरबीलाही तोंड लावले नाही. अख्खा सील घरट्याजवळ ओढून आणला आणि ते लांब जाऊन बसले. पक्षीण आली, तिने खाल्ले, पिल्लाला भरवले. नंतर अस्वल जवळ गेले, तर त्या ढिगातले काही कमी झाले आहे हेसुद्धा दिसत नव्हते. एवढेसे तर तिला हवे होते, हे पाहून अस्वलाला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तात्पर्य : आपल्याला नको ते दुसऱ्यालाही मिळू न देणारा कितीही मोठा असो, स्वतःच्या नजरेत लहान होतो, आणि मागाहून वाटलेली लाज गेलेला जीव परत आणत नाही.